जुन्या धडावर नवं डोकं

मंडळी, "मिलिंग मशीन" हे शब्द वाचून पान उलटू नका! मी स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर. लोखंडाशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता, तिथेही चौकोनी तुकडा घासता घासता हात सोलून निघाले एवढंच आठवतं. पण या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात आपल्यासारखीच, परदेशी येऊन बस्तान बसवणारी माणसं भेटली.

आधी यंत्र काय ते सांगतो. लेथमध्ये जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये उलटं, कटर फिरतो आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. जुन्या मशीनमध्ये कटरचा दांडा आडवा असे. १८६२ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना जोसेफ ब्राऊन यांनी 'युनिव्हर्सल' मिलिंग मशीन आणलं. निमित्त काय, तर बंदुकीच्या भागांना भोकं पाडणाऱ्या ड्रिलवरच्या पिळदार खाचा. त्या तोवर हाताने कानशीने घासत असत! पुढची कित्येक दशकं कारखान्यांत आडव्या मशीनचं राज्य होतं. छतालगत एक लांब शाफ्ट, त्यावरून चामड्याचे पट्टे, आणि खाली ओळीने मशीनं.

आडवं मशीन दणकट, पण गती कमी. डाय किंवा साच्याच्या पोटात बारीक कोरायचं असेल तर बोटाएवढा कटर उभा धरून भरभर फिरवावा लागतो. त्या कामाला हे धूड निरुपयोगी.

इथे कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावचे दोन स्वीडिश जोडीदार येतात. रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम, दोघंही स्थलांतरित. १९३२ साली, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना, त्यांनी एक उभं डोकं बाजारात आणलं. त्याला स्वतःची मोटर होती आणि ते तुमच्याकडे असलेल्या जुन्या मशीनवर बसवायचं होतं. नवीन मशीनला पैसे कुणाकडे होते? धड जुनंच राहू दे, डोकं तेवढं घ्या! मला हा विचार फार आवडला. आमच्या धंद्यातही वीस वर्षांची जुनी सिस्टिम कुणी फेकून देत नाही, तिच्यावर नवीन इंटरफेस चढवतात आणि आमच्यासारख्यांचं घर चालतं.

फरक एवढाच की सॉफ्टवेअरमध्ये अडॅप्टरने थोडी लपवाछपवी केली तरी खपून जाते. लोखंडात खपत नाही. एका कंपनीचं डोकं दुसऱ्या कंपनीच्या धडावर बसवायचं तर बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड प्लेट घालावी लागते. प्लेट जेवढी जाड तेवढं डोकं पुढे जातं. मग कधी टेबल पूर्ण बाहेर ओढलं तरी कटरखाली हवा तो भाग येत नाही, आणि पुढे लोंबणारं वजन कापताना थरथरतं ते वेगळंच. डोकं खाली आलं तर टेबल आणि कटर यांच्यात जागा उरत नाही. हे सगळं जमलं तरी शेवटी स्पिंडलला डायल गेज लावून हाताने गोल फिरवायचं आणि टेबलाच्या चारही बाजूंना काटा तेवढाच दाखवतो का ते बघायचं. डोकं केसभर जरी कललेलं असलं तरी मोठ्या कटरने काढलेला सपाट भाग मधे खोलगट होतो, आपल्या ताटासारखा.

आमच्या अर्विंगमध्ये ओळखीच्या एका काकांच्या गॅरेजमध्ये सध्या हाच उद्योग चालला आहे. जुनं आडवं मशीन, दुसऱ्याच कंपनीचं डोकं आणि मधे काकांनी स्वतः बनवलेली प्लेट. त्यांच्या वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. वडील गेल्यावर तिथली मशीनं भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली, तेव्हा काका इकडे होते. "निदान एक तरी चालू करून दाखवतो," म्हणतात. काकूंना गाडी बाहेर उन्हात उभी करावी लागते, त्याबद्दल त्यांचं मत मी इथे छापत नाही!

खरं तर असलं काम आपल्याकडे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले. चांगली मशीनं बहुतेक परदेशातूनच येत. हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर १९४१ साली निघाली, एचएमटी तर १९५३ साली. त्यामुळे मशीन जुनं झालं म्हणून टाकून द्यायची चैन आपल्या मिस्त्री लोकांना कधी परवडलीच नाही. मला वाटतं, त्यांचा इतिहास कुणी नीट लिहून ठेवला नाही याचं कारण त्यांनी कागदावर काही ठेवलंच नाही, सगळं हातात होतं.

बॅनोंनी मात्र कागद वापरला, तोही किराणा मालाच्या पिशवीचा, असं सांगतात. दुसऱ्यांच्या धडांवर डोकी विकता विकता १९३६ साली त्यांनी या डोक्याला साजेसं धडच रेखाटलं. १९३८ पासून पूर्ण मशीन विकायला लागलं. डोकं पुढेमागे सरकतं, वळतं, हवं तसं कलतं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि कारखान्यांना अशी यंत्रं पुरेनात. आमच्या शेजारच्या ग्रँड प्रेअरीत तेव्हा नॉर्थ अमेरिकन कंपनी विमानं बनवत होती.

१९६८ साली टेक्स्ट्रॉनने ब्रिजपोर्ट कंपनी घेतली, २००४ साली ती हार्डिंजकडे गेली. एक नंबरचं मशीन व्हरमाँटमधल्या विंडसर गावच्या अमेरिकन प्रिसिजन म्युझियममध्ये आहे. तेवढ्या लांब जायचं नसेल तर पुण्याच्या पुढच्या फेरीत भोसरीतल्या एखाद्या टूलरूममध्ये डोकावा. तिथे 'एमवनटीआर' नावाने ओळखतात ते मशीन याच घराण्यातलं, फक्त त्याच्या अंगावर ब्रिजपोर्ट हे नाव सापडणार नाही.