मिर्झांची पालखी आणि शंभर रुपयांची नोकरी

मिर्झा गालिब यांच्या खुद्दारीचा किस्सा आपल्याकडे प्रत्येक उर्दू शिक्षक वर्गात रंगवून सांगतो. मीही सांगतो. १८४२ साली दिल्ली कॉलेजला फारसीचा उस्ताद हवा होता. अरबीच्या उस्तादाप्रमाणे दरमहा शंभर रुपये पगार द्यायचे ठरले. सरकारचे सेक्रेटरी टॉमसन यांनी मिर्झांना बोलावले. मिर्झा पालखीतून उतरले आणि साहेब रिवाजाप्रमाणे स्वागताला बाहेर येतील म्हणून तिथेच थांबून राहिले. साहेब आले, पण म्हणाले, दरबारात याल तेव्हा मान मिळेल. आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. नोकरीने इज्जत वाढावी, आहे तीही जाऊ नये, असे सांगून मिर्झा माघारी फिरले.

वर्गात आपण एवढ्यावरच थांबतो. मिर्झांच्या घरची हालत मात्र सांगत नाही. पेन्शन महिना ६२ रुपये ८ आणे, त्यावर सावकारांची देणी. पेन्शन वाढावी म्हणून थेट कलकत्त्यापर्यंत जाऊन १८२९ मध्ये ते रिकाम्या हाती परतले होते. शंभर रुपये म्हणजे घर सावरले असते. बरे, त्यांना चाकरीचेच वावडे होते असेही नाही. १८५० मध्ये बादशहाच्या दरबारात तैमुरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांनी वर्षाला ६०० रुपयांवर, म्हणजे महिना पन्नासावर, घेतलेच. तिथे खिताब होता, खिलअत होती. प्रश्न पैशाचा नव्हता. आपल्याला कोण, कसे बोलावते याचा होता.

ती जागा शेवटी इमाम बख्श सहबाई यांनी घेतली, तीही बऱ्याच कमी पगारावर. १८३७ मध्ये कचेऱ्यांतून फारसी हटवली गेली होती, तरी ते मुलांना फारसी शिकवत राहिले. तरुण सय्यद अहमद खान यांना ‘आसार-उस-सनादीद’च्या कामात त्यांनी मदत केली. पेशाने शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला सहबाईंचा होकार मिर्झांच्या नकारापेक्षा लहान वाटत नाही. त्यांच्यावर किस्से झाले नाहीत, इतकेच. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हा कूचा चेलानच्या लोकांबरोबर सहबाई आणि त्यांचे मुलगे मारले गेले. सरकारी कॉलेजची नोकरी त्यांना वाचवू शकली नाही.

आणि मिर्झांचा तो किस्सा आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत ‘आब-ए-हयात’चे लेखक मुहम्मद हुसेन आझाद आहेत. ते शिकले त्याच दिल्ली कॉलेजात.