प्ले-ऑफ उत्पन्नाची वाटणी आणि फुटबॉल-मंडळांचे स्थैर्य

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय क्रीडासंघटनेची दूरचित्रवाणी-हक्कांवरील मक्तेदारी मोडली व महाविद्यालयीन फुटबॉल-मंडळांचे ऐक्य प्रक्षेपणाच्या मोबदल्याशी निगडित झाले. २०१४ च्या हंगामापासून सुरू झालेल्या प्ले-ऑफ स्पर्धेच्या उत्पन्नात पाच प्रमुख मंडळांचा मूळ वाटा समान असे. तथापि हा समान वाटा पॅक-१२ मंडळास तारू शकला नाही. मुख्यत्वे प्रक्षेपण-उत्पन्नातील तफावतीमुळे २०२४ मध्ये त्याचे बारापैकी दहा सभासद बाहेर पडले. त्याच वर्षीच्या करारान्वये २०२६ पासून बिग टेन व साउथईस्टर्न यांस प्रत्येकी सुमारे २९, अटलांटिक कोस्टला सुमारे १७ आणि बिग १२ ला सुमारे १५ टक्के वाटा ठरला. सारांश, विषम वाटणी फुटीच्या मागून आली. परंतु बलाढ्य मंडळाचे सभासदत्व तिने अधिक लाभदायक केल्यामुळे पुढील फुटीचे बीजही तिच्यातच आहे.