आमचे दत्तकविधान

आमच्या वंशाला दिवा आहे. तो बंगळूरला असतो आणि दिवाळीला फोन करतो. तरीही वयाच्या ६८ व्या वर्षी मी दत्तक घेतला. दत्तकाचे वय ११, जात संमिश्र, एक कान अर्धा, गुडघे माझ्यासारखे आणि दात माझ्यापेक्षा चार अधिक. नाव टायगर.

"अहो, आणायचंच होतं तर पिल्लू आणायचं!" असे सगळ्यांनी सांगून झाले. पिल्लू चांगले पंधरा वर्षे जगते. माझे गणित कच्चे असले, तरी ६८ अधिक १५ ही बेरीज मला जमते.

पुण्याच्या त्या निवाऱ्यातल्या बाईंनाही ती जमत असावी. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारले, "काका, तुमच्या मागे याला कोण सांभाळणार?" विम्याच्या एजंटानेही मला इतके सरळ कधी विचारले नव्हते. मी चष्मा पुसू लागलो. तेवढ्यात ही म्हणाली, "आम्हा तिघांत जो मागे राहील तो बाकीच्यांचं बघेल." बाईंनी मुकाट्याने शिक्का मारला.

वरंध घाट बंद होता, म्हणून आम्ही वाई-महाबळेश्वरवरून आंबेनळीने पोलादपूरकडे उतरत होतो. वळणांवर पोट ढवळू नये म्हणून ही आवळासुपारी चघळते, मी इतिहास आठवतो. टायगरला दोन्ही उपाय ठाऊक नसल्याने प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत गाडी तीनदा थांबवावी लागली.

तर इतिहास. मुंबईत कंपनी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारवून घेई. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे म्हटल्यावर मोकाट कुठला आणि घरचा कुठला, हे कोण बघतो? पोलीस घराच्या आवारातली कुत्रीसुद्धा नेऊ लागले. पारशी धर्मात तर कुत्र्याला फार मान. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. हिंदू, जैन, इस्माइलीही त्यांना मिळाले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, आणि साहेबांच्या पावरोटीची पंचाईत! पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाय आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. म्हणजे आमच्या टायगरचा निवारा हा त्या पांजरपोळीचा नातूच म्हणायचा.

"आणि टायगर म्हणजे मराठीत वाघ्याच की!" ही म्हणाली. हिला इतिहास नको असतो, पण नेमका मुद्दा हीच काढते.

वाघ्याचा रायगड आमच्या महाड तालुक्यातच. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी दंतकथा. समकालीन कागदपत्रांत मात्र त्याचा पत्ता नाही. पुतळा १९३६ चा. तो हलवावा अशी मागणी २०२५ च्या मार्चमध्ये झाली आणि पुन्हा वाद पेटला. त्या वादात पडण्याइतके माझे गुडघे धड नाहीत. पण आमच्या वाघ्याला मोटारीतसुद्धा उडी घेता येत नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याला उचलून ठेवला, तेव्हा तो चढला. चितेची भाषा त्याच्यापाशी काढण्यात अर्थ नव्हता.

खरे सांगू? मला त्यात बरेच वाटले. आपल्या मागे कुणी उडी घ्यावी एवढे माझे कर्तृत्व नाही. मागे राहणाऱ्याने वेळेवर जेवावे, एवढेच पुरे.

घरी आल्यावर तिघांच्या गोळ्या एकाच डबीत ठेवल्या. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. त्याचा श्वास ऐकू येईना. छातीत धस्स झाले. बॅटरी घेऊन उठतो तो काय, टायगर माझ्या उशाशी उभा, नाक माझ्या तोंडाजवळ.

बहुधा तोही तेच बघायला आला होता.

"दोघंही आहात," अंधारातून ही म्हणाली. "आता झोपा."