दातांचा नांगर

परवा घोडबंदर रोडवरच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "वरचे दात मागे घ्यायला हाडात छोटा स्क्रू बसवू." माझ्या पोटात गोळाच! दातांच्या मुळांमध्ये स्क्रू? घरी आलो आणि इतिहास खणायला बसलो.

मूळ भांडण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी आहे. पुढचे दात मागे ओढले की मागच्या दाढा पुढे सरकतात. म्हणून न हलणारा नांगर हवा. १९४५ मध्ये गेन्सफर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियमचे स्क्रू बसवले. ते महिनाभरात निसटले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवून वरचे पुढचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर उचलले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी तो १.२ मिलिमीटर जाडीवर आणला.

स्क्रू बारीक झाला, पण मुळांमधली जागाही जेमतेम. मुळाला चिकटला तर सैल होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी सीबीसीटी स्कॅनवर जागा ठरवायची. मग एकतर थ्रीडी प्रिंट केलेला साचा वापरायचा, नाहीतर कॅमेरे जबडा आणि हत्यार दोन्हींवर नजर ठेवून टोक कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवतात. तोंडातलं जीपीएसच म्हणा ना!

पण स्कॅन आणि तोंड यांची जुळणीच चुकली, तर कॉम्प्युटर ठामपणे चुकीची जागा दाखवणार. आम्हा आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

असो. पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारणार आहे, "डॉक्टर, जुळणी तपासणार कशी?" होकार त्यानंतर.