प्रगत जीवनरक्षण : सातारा व सांगली जिल्हे

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाबाच्या जोडीने दिले जाणारे उपचार : शॉक, श्वासनळीत ट्यूब, शिरेतून औषधे आणि मूळ कारणाचा शोध. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एसीएलएस’. हार्ट अटॅक म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, पण अटॅकमुळे ते बंद पडू शकते.

पूर्वपीठिका : छाती न उघडता हृदयाला दाब देण्याची पद्धत कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये बाल्टिमोरहून प्रसिद्ध केली. मिरजेत वॉनलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालये मिरज (१९६२), कराड (१९८४), सांगली (२००५).

क्रिया : मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी. खोल. दर दोन मिनिटांनी लय पाहतात, तेव्हाच दाबणारा बदलतो. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाचे नुसते थरथरणे) किंवा नाडीविना टॅकिकार्डिया असेल तर शॉक, बायफेजिक यंत्रावर १२० ते २०० ज्यूल. ईसीजीवरील आडव्या रेघेला शॉक नाही. मात्र रेघ दिसताच आधी लीड सुटली आहे का ते पाहावे. कॅप्नोग्राफचा (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा, मिमी. पारा) आकडा १० च्या खालीच घुटमळत असेल तर दाब उथळ पडत आहेत. तो एकदम चाळिशीकडे गेला तर रक्ताभिसरण परतल्याची ती खूण.

औषधे : ॲड्रेनॅलिन १ मिग्रॅ., दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉक दाद देत नसल्यास अमिओडॅरोन ३०० मिग्रॅ. ॲड्रेनॅलिनच्या लाभाविषयी एकमत नाही. ब्रिटनमधील चाचणीत (२०१८, ८,०१४ रुग्ण) तिसाव्या दिवशी ३.२ टक्के जिवंत होते, औषधाविना २.४, मेंदू शाबूत राहण्यात ठळक फरक आढळला नाही.

१०८ रुग्णवाहिका सेवा : राज्यात २०१४ पासून. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी प्रगत जीवनरक्षणाच्या (एएलएस) २३३.

गर्भवती : गर्भाशय हाताने डावीकडे सारून दाब द्यावेत.

स्थानिक कारणे : पाठ्यपुस्तके हृदयरोगाभोवती फिरतात, उसाच्या पट्ट्यात मात्र कारण आधी विचारावे. ओल्या पायांनी मोटारीच्या स्टार्टरला हात लागून शॉक बसला असेल तर बहुधा फिब्रिलेशन असते. आधी वीज तोडावी, मग रुग्णाला हात लावावा. लवकर डिफिब्रिलेटर मिळाला तर असे हृदय पुन्हा चालू लागते. विहिरीत बुडालेल्याला नुसते दाब पुरत नाहीत, श्वास द्यावाच लागतो. हृदयाच्या आडव्या रेघेसाठीच्या उपचारांतून ॲट्रोपिन २०१० मध्ये वगळले गेले; फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत मात्र तेच मुख्य औषध, तेही भरपूर मात्रेत. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या पडतात, मग श्वास थांबतो आणि त्यामागोमाग हृदय. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून असे रुग्ण चालत घरी जातात. मण्यारदंशात विस्फारलेल्या, स्थिर बाहुल्या पक्षाघातानेही होतात. त्यांवरून रुग्ण मृत ठरवता येत नाही.