होडीचं इंजिन, नजरगहाण आणि एक दोरी



गोव्यातल्या मराठी घरांच्या आठवणी लिहिताना देवळं, शाळा, नाटकं आणि मुक्तीचा लढा हे विषय येतात, ते यायलाच हवेत. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांबद्दल मात्र आपण फार कमी लिहितो. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेलं. मासळी खाण्यापलीकडे दर्याशी माझा संबंध नव्हता. पण नोकरीची बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या शाखांत काढली आणि होडीच्या इंजिनासाठी दिलेली कितीतरी कर्जं माझ्या टेबलावरून गेली. त्या इंजिनाचा, आणि ते दुरुस्तीसाठी होडीवरून सुखरूप उतरवण्याचा हा थोडा इतिहास.

ज्याला आपण आउटबोर्ड म्हणतो ते इंजिन होडीच्या पोटात नसतं, मागच्या टोकाला बाहेरून अडकवलेलं असतं. डोकं वर, पंखा खाली पाण्यात. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण ते बाजारात चांगलं रुजवलं ओले इव्हिनरुड यांनी, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, १९०९ साली. हे मूळचे नॉर्वेचे, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले. पहिलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. धंद्याची आणि जाहिरातीची बाजू त्यांची पत्नी बेस सांभाळायची. तिच्या आजारपणामुळे त्यांनी धंदा विकला. पुढे काही वर्षांनी दोघं परत आले ते ॲल्युमिनियमचं, जास्त ताकदीचं पण हलकं इंजिन घेऊन. हलकं का, तर ते माणसाला उचलता यायला हवं. या यंत्राचं सगळं मर्म तिथेच आहे. ते काढता येतं.

आपल्या किनाऱ्याला हे फार सोयीचं पडलं. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि त्यानंतर इथे ट्रॉलर आले. रापणीवर जगणाऱ्या शेकडो घरांच्या तोंडचा घास त्यांनी पळवला. सत्तरच्या दशकात रापणकारांचं मोठं आंदोलन झालं, माथानी साल्ढाणा यांचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. पण कायद्याने मासळी जाळ्यात येत नाही. वल्ह्यांवर आणि शिडावर किती लांब जाणार? म्हणून ऐंशीच्या दशकात साध्या होड्यांनाही इंजिनं लागायला लागली. पोटात इंजिन बसवायचं तर होडीला भोक पाडून दांडा काढावा लागतो, आणि अशी होडी वाळूवर ओढणं कठीण. बाहेरचं इंजिन मात्र संध्याकाळी काढून घरी नेता येतं. चोरीची भीती नाही, पावसाळ्यात पडवीत ठेवता येतं.

बँकांचं चित्रही तेव्हा बदललं होतं. १९६९ साली १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शेतकरी आणि मच्छीमार यांना कर्ज देणं हे आमचं कामच ठरलं. इंजिन नजरगहाण असायचं, म्हणजे ताबा मच्छीमाराकडे आणि हक्क बँकेचा. फाईलमध्ये कोटेशन, बिल, इंजिनाचा नंबर, विमा, जामीनदार, सगळं असायचं. फक्त एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसायची, इंजिनाचं वजन. आणि घरच्या माणसांचा रोजचा संबंध त्या वजनाशीच होता. आठ हॉर्सपॉवरचं इंजिन पंचवीस-तीस किलोचं, चाळीस हॉर्सपॉवरचं सत्तर किलोच्या पुढे. छोटं इंजिन होडीच्या फळीवर दोन पिळाच्या स्क्रूंनी आवळलेलं असतं. आमचं अख्खं कर्ज त्या दोन स्क्रूंवर लटकलेलं असायचं म्हणा ना.

तपासणीला गेलो की मी तांडेलांचं काम बघत उभा राहायचो. एका म्हाताऱ्या तांडेलाने मला सगळा क्रम समजावला. "मॅनेजरबाब, पयलीं दोर बांद, मागीर स्क्रू सोड," हे त्याचं पहिलं वाक्य.

क्रम असा. किनाऱ्याकडे येताना, इंजिन पाण्यात असतानाच, टाकीची नळी सोडायची. आत उरलेलं तेल संपलं की इंजिन आपोआप बंद पडतं, मग उचलताना ते सांडत नाही. हे पाण्याबाहेर करायचं नाही, कारण पाण्यावाचून इंजिन तापतं आणि पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर जळतं. मग होडी ओहोटीला वाळूवर टेकू द्यायची, दोन्ही बाजूंना टेकू लावायचे. डोलत्या होडीत इंजिन उचलायचं नाही. बॅटरी असेल तर तिच्या वायरी सोडायच्या. त्यानंतर एक मजबूत दोर इंजिनाच्या मुख्य धडाला बांधून दुसरं टोक होडीच्या आडव्या बाकाला घट्ट करायचं. हे झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सैल करत.

उचलायला दोघं, एक होडीत, एक खाली वाळूवर. वरच्या झाकणाला किंवा सुकाणूच्या दांड्याला धरून उचलायचं नाही, झाकण निसटतं आणि दांडा मोडतो. इंजिन उभंच ठेवायचं, म्हणजे आतलं खारं पाणी खालून निथळून जातं. डोकं खाली आणि पंखा वर झाला की तेच पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं. मग दोराच्या फासात बांबू घालून दोन खांद्यांवर, पालखीसारखं घरी. तिथे लाकडी घोडीवर उभं अडकवायचं. मोठ्या इंजिनाला खांदा लावायचाच नाही. तीन वाशांचं तिकाटणं उभं करून चेनपुलीने, इंजिनाच्या कडीला हूक घालून वर घ्यायचं, आणि लोंबत्या इंजिनाखाली कोणी उभं राहायचं नाही. वाळूवरून होड्या ओंडक्यांवर ओढणाऱ्या माणसांना हे नवीन नव्हतं. कंपनीने इंजिन पाठवलं, पण वजन हाताळायची विद्या इथलीच.

ही दोरी किती मोलाची, ते एका खात्याने दाखवलं. भर भरतीत, जेटीला बांधलेल्या होडीवरून दोन चुलतभाऊ इंजिन काढत होते. घाई होती, मेकॅनिक संध्याकाळी जाणार होता. दोर न बांधता स्क्रू सोडले. लाटेने होडी हलली, इंजिन निसटलं. धाकट्याने ते पकडायला हात घातला. इंजिन खाडीत गेलं आणि त्याची दोन बोटं फळीत चिरडली.

इंजिन बुडी मारून वर काढलं. कोणी म्हणालं, उन्हात वाळवा. तांडेलाने ऐकलं नाही. बुडालेलं इंजिन हवेवर वाळलं की गंज झपाट्याने चढतो. त्याने विहिरीच्या गोड्या पाण्याने ते धुऊन काढलं, प्लग काढून आतलं पाणी बाहेर घालवलं, तेल ओतलं आणि त्याच रात्री मेकॅनिककडे पोचवलं. विमा कंपनीने दुरुस्तीच्या वेळचं नुकसान पॉलिसीत बसत नाही म्हणून हात वर केले. तांडेलाची बायको पासबुक घेऊन शाखेत आली, "हप्तो थांबतलो?" एवढंच विचारलं. आम्ही मुदत वाढवून दिली. इंजिन आठवड्यात सुरू झालं आणि कर्जही पूर्ण फिटलं. त्या मुलाची बोटं मात्र पुन्हा जाळं विणण्याजोगी झाली नाहीत. दोरी इंजिनासाठी असते तशीच ती हातांसाठी असते. दोरी असली की पडणाऱ्या वजनाला कोणी हात घालत नाही.

आता फोर-स्ट्रोक इंजिनं आली आहेत. धूर कमी, पण वजन जास्त. शिवाय त्यांच्या पोटात वेगळं ऑइल असतं, त्यामुळे आडवी ठेवायची तर कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच्या आगेमागे किनाऱ्यावर इंजिनं उतरतात, दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा चढतात. ज्यांच्या घरी हे काम चालतं त्यांनी नव्या पोरांना आधी तो दोर बांधायला शिकवावं.

आपल्यापैकी कोणाच्या आजोबांकडे, मामांकडे अशी पहिली इंजिनं होती का? गोवा असो, कारवार असो की वेंगुर्ला-मालवण, आठवणी आणि जुने फोटो जरूर टाका. बँकेच्या फाईली दहा वर्षांनी रद्दीत जातात. माणसांनी लिहिलेलं राहतं.