स्प्लाइस आणि सांधणी

गार्डन रीच म्हणजे हुगळीकाठची जहाजबांधणी आणि दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय. 'स्प्लाइस' हा शब्द दोन्हीकडचा. मुळात तो डच खलाशांचा, 'स्प्लिसेन'. दोरखंडाचे पीळ उकलून दोन टोकं एकमेकांत गुंफणं. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला, पुढे रुळांलगतच्या प्रकाशतंतूंनाही चिकटला. पण काचेला पीळ कुठला? 125 मायक्रॉन जाडीची दोन टोकं काटकोनात छेदून समोरासमोर आणतात आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करतात. इथे गुंफण नाहीच. संस्कृत 'सम् + धा' या कुळातलं आपलं 'सांधणं' मला म्हणूनच अधिक नेमकं वाटतं: मोडलेलं हाड सांधतं, तशीच ही काच. 'तंतुसांधणी' हा शब्द तंत्रनिकेतनांच्या मराठी पुस्तकांत जरूर यावा.